जमिनीलगत पसरणारे गुलाब : उपटू नका, आधी कापा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उतारावर पसरणारे गुलाब लावून दोन वर्षं झाली, आत हरळी घुसली, खालची पानं काळे ठिपके पडून गळताहेत. संध्याकाळी तुषार सिंचन चालू असतं. 'देखभाल नको' म्हणून घेतलेली झाडं उपटून टाकावीत का?

उपटू नका. या गुलाबांना देखभाल कमी म्हणजे फवारणी कमी आणि छाटणी सोपी. तणाचा बंदोबस्तही आम्हीच करू, असं त्यांनी कधी म्हटलेलं नाही! त्यांचा पाला विरळ असतो, उन्हाचे कवडसे जमिनीपर्यंत पोचतात आणि हरळीला तेवढं पुरतं.

मीही पहिल्या वाफ्यात हाच घोळ घातला होता. कुदळीनं जमीन खणली, हरळीचे तुकडे केले आणि खूश झालो. पुढे प्रत्येक पेराला कोंब फुटला. झुडपं पसरल्यावर खुरपं घेऊन हात आत घातला, तर जाताना सहज गेला, निघताना अडकला. काटे बुडाकडे वळलेले असतात ना, बाही मागून धरतात.

म्हणून आधी कापा. झाडं सुप्तावस्थेत असताना किंवा नवी फूट येण्याच्या तोंडावर कुंपण कापायच्या मोठ्या कात्रीनं सगळी झुडपं वीतभर उंचीवर आणा. डोळा (फूट येते ती जागा) बघून, तिरका काप घेऊन वगैरे नाजूक काम इथे लागत नाही. जमीन उघडी पडली की ओल असताना हरळीचे पांढरे धावते दोर अख्खे ओढून काढा, तोडू नका. लव्हाळा असेल तर खालची गाठही निघाली पाहिजे. मग झुडपांमध्ये ओला पुठ्ठा एकावर एक चढवून पसरा आणि वर ५ ते ७ सेंटीमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन करा. खोडाला मात्र ते चिकटवू नका. पहिले काही महिने कडेनं डोकावणारा कोंब दिसला की लगेच काढा. हे एवढं काम चुकत नाही.

आता ठिपके. कडा झालरीसारख्या फाटलेल्या आणि भोवती पिवळेपणा असेल तर ती काळ्या ठिपक्यांची बुरशीच. पान सात-आठ तास ओलं राहिलं की तिचं फावतं. संध्याकाळचं तुषार सिंचन म्हणजे तिला रात्रभराची मेजवानी. पाणी सकाळी आणि बुडाशी द्या, रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी खोलवर. उतारावर वरच्या बाजूला उघडं असं अर्धचंद्राकृती आळं केलंत तर पाणी वाहून जात नाही. गळलेली पानं गोळा करून टाकून द्या. औषध सध्या राहू दे.

तरीही ठिपके हटेनात, तर जातच बदला. जर्मनीतल्या एडीआर चाचणीत गुलाब फवारणीशिवाय वाढवून पारखतात. तिथे उतरलेली 'हाइडेट्राउम' अनेक देशांत गुलाबी 'फ्लॉवर कार्पेट' म्हणून मिळते. १९३२ची 'द फेअरी' हीसुद्धा माझी आवडती, जरा उशिरा फुलते पण नेटानं फुलत राहते.

खताचा हात आखडता घ्या. नत्र जास्त झालं की लुसलुशीत धुमारे येतात आणि त्यावर मावा बसतो. वर्षातून एकदा कुजलेलं कंपोस्ट बस्स. दिवसाला सहा तास ऊन मात्र हवंच.

एक विसरलोच. डोळा भरलेली कलमं (एका गुलाबाचा डोळा दुसऱ्या गुलाबाच्या बुंध्यावर, म्हणजे खुंटावर, बसवलेली) असतील तर जमिनीखालून खुंटाचे फुटवे येतात, पानं निराळी दिसतात. ते कापू नका, माती बाजूला करून बुडातून ओरबाडा. आणि मधे मोकळी जागा राहिली असेल तर नवं झाड कशाला आणता? एक लांब फांदी वाकवून मातीत दाबा, वर दगड ठेवा. मुळं फुटली की जुन्या झाडापासून तोडा.