लष्कर आणि गुप्तचर संस्था खासगी कंपनीच्या क्लाउडवर माहिती ठेवतात, ती सुरक्षित असते का?

काका, सैनिक टाकळीत घरटी फौजी, त्यात तुमचा मुलगा सीमेवर. कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न पडणं साहजिक आहे. क्लाउड म्हणजे माहिती साठवणारे कंपनीचे दूरचे संगणक. पण आपले फोटो जातात तो क्लाउड आणि लष्कर-गुप्तचरांचा हा क्लाउड एक नव्हे.

अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने 2013 मध्ये अॅमेझॉनला क्लाउडचं सुमारे 60 कोटी डॉलरचं काम दिलं. अतिगोपनीय माहितीसाठीची ती यंत्रणा इंटरनेटपासून पूर्ण तोडलेली असते आणि तिथे काम करणाऱ्यांची सरकारी पडताळणी होते. गरज का पडली? 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतरच्या चौकशीत दिसलं की धागेदोरे वेगवेगळ्या संस्थांकडे होते, पण एकमेकांपर्यंत पोचले नाहीत. एका ठिकाणी साठा असला की शोध लवकर लागतो.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पेंटागॉनचा, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा अनुभव. क्लाउडचं 1000 कोटी डॉलरपर्यंतचं काम 2019 मध्ये एकट्या मायक्रोसॉफ्टला दिलं, अॅमेझॉन कोर्टात गेली आणि 2021 मध्ये सगळं रद्द झालं. डिसेंबर 2022 मध्ये त्याच्या जागी आलेलं नवं काम अॅमेझॉन, गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि ओरॅकल अशा चौघांत वाटलं. देशाचं संरक्षण एकाच कंपनीच्या दावणीला बांधू नये, असं माझं ठाम मत आहे.

धोका मात्र आतल्या माणसाचाही असतो. 2013 मध्ये एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेची कागदपत्रं बाहेर काढणारा एडवर्ड स्नोडेन आत शिरलेला हॅकर नव्हता, कंत्राटी कर्मचारी होता. म्हणून कंपनी कुठली यासोबतच कोणाला काय उघडता येतं आणि त्याची नोंद कोण तपासतं, हेही विचारायला हवं.