लोहगावचा तळ : वाचकांचे प्रश्न

पुण्याच्या लोहगाव हवाई तळाबद्दल मागे लिहिलं होतं. तेव्हापासून तेच तेच प्रश्न येताहेत आणि त्यातले निम्मे कुठल्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवरून उचललेले असतात. एकदाच उत्तरं देतो.

लोहगाव बरोबर की लोहेगाव?

लोहगाव. तुकोबांचं आजोळ. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी गावाचं नाव ठरवू नये.

पेशव्यांची पागा होती म्हणून इंग्रजांनी ही जागा निवडली, हे खरं का?

पागेचा एक कागद दाखवा, मग बोलू. तळ उभा राहिला १९३९ मध्ये, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी. युद्धकाळात रॉयल एअर फोर्सची वेलिंग्टन आणि मॉस्किटो विमानं इथे होती. त्यात मॉस्किटोची गोष्ट पागेपेक्षा कितीतरी रंजक आहे. हे लढाऊ विमान चक्क लाकडाचं, प्लायवूड सरसाने जोडून केलेलं. १९४४ मध्ये हिंदुस्थानात या विमानांचे सांधे उकलून अपघात झाले, उड्डाणं थांबवून तपासण्या कराव्या लागल्या. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

गोवा मुक्तीच्या वेळी लोहगावच्या विमानांनी दाबोळी विमानतळ जमीनदोस्त केला ना?

धावपट्टी फोडली. विमानतळ नव्हे. १८ डिसेंबर १९६१ रोजी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली ३५ स्क्वाड्रनची १२ कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं दाबोळीवर गेली, मागाहून १६ स्क्वाड्रनची ८. इमारतींना धक्का लावायचा नाही असा हुकूम होता आणि तो पाळला गेला. त्याच रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा एक तुकडा घाईघाईने बुजवून दोन प्रवासी विमानं उडवली आणि कराची गाठली. तेव्हा ‘जमीनदोस्त’ हा शब्द जपून वापरा. बांबोळीचं रेडिओ केंद्र उडवणारी हंटर विमानंही लोहगावची नव्हती, ती बेळगावजवळच्या सांबऱ्याहून आली होती.

आजोबांची जमीन युद्धात तळासाठी ‘अधिग्रहित’ झाली. युद्ध संपलं, मग जमीन परत का नाही? एक गृहस्थ जुने नकाशे दाखवून सोडवून देतो म्हणतात, टक्केवारीवर.

या प्रश्नासाठी मी जागा राखून ठेवली होती. आधी शब्द सोडवू. अधिग्रहण वेगळं, संपादन वेगळं. वर्तमानपत्रं दोन्ही एकाच अर्थाने छापतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. अधिग्रहणात सरकार ताबा घेतं, मालकी तुमची राहते, वापराची भरपाई मिळते. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखालच्या नियमांनी युद्धात असे ताबे घेतले गेले. युद्धानंतरही ते लगेच सुटले नाहीत, १९४७ मध्ये आणि पुन्हा १९५२ मध्ये त्यासाठी वेगळे कायदे झाले. संपादन म्हणजे १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली मालकीच सरकारकडे गेली. मोबदला दिला, विषय संपला. ‘युद्ध संपलं की परत’ हे तिथे लागूच नाही.

तुमच्या आजोबांचं यातलं काय झालं, हे मी सांगू शकत नाही आणि ते गृहस्थही सांगू शकत नाहीत. कागद सांगतील. जुना सातबारा, त्यावर ज्याचा क्रमांक आहे तो फेरफार, राजपत्रातली अधिसूचना, निवाडा (संपादनाचा मोबदला ठरवणारा आदेश), कबजेपावती. निवाडा सापडला तर ते संपादन. वर्षावर्षाच्या भाड्याच्या पावत्या सापडल्या तर चौकशीला जागा आहे. नुसता नकाशा म्हणजे काहीच नाही. नकाशात जमीन कुठे आहे ते दिसतं, कुणाची ते दिसत नाही.

माझ्याकडे एकजण असाच फेरफार घेऊन आले होते. मोडीतली नोंद, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. मध्यस्थाने एका शब्दावर बोट ठेवून ‘हे बघा, भाडे’ असं सांगून पैसे उकळले होते. मोडी जाणणाऱ्याने पुढचे शब्द लावले तेव्हा निघालं ‘भाऊ बिन धोंडी’. खातेदाराचं नाव! भाडंबिडं काही नाही.

तेव्हा मोडी वाचक गाठा, नकला काढा, आणि त्या घेऊन जमिनीच्या दाव्यांचा अनुभव असलेल्या वकिलाकडे जा. आधी वकील, मग सही. आणि हे सगळं या महिन्यात करा. तुम्ही लिहिलंय, ‘आत्याला सगळं पाठ आहे, तिच्याशी दिवाळीत बोलू.’ दिवाळीपर्यंत का थांबता? मुदतीचा कायदा दिवाळी बघत नाही, आणि आत्याचं वय तुम्हीच ८८ लिहिलंय.

तळालगतच्या प्लॉटसाठी हवाई दलाचा ना-हरकत दाखला ‘नुसती औपचारिकता’ आहे, असं बिल्डर म्हणतो.

मग त्यालाच आधी आणून द्यायला सांगा. तळालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारा १९०३ चा संरक्षण बांधकाम कायदा आजही लागू आहे, आणि उंचीचे निर्बंध वेगळे. सर्व्हे नंबर घेऊन नियोजन प्राधिकरणात लेखी विचारा, वकिलाला दाखवा, तोवर इसार देऊ नका.

हवाई दल प्रवासी विमानांची अडवणूक का करतं?

धावपट्टी हवाई दलाची आहे, प्रवासी विमानं तिथे पाहुणी. ऑक्टोबर २०२१ मध्ये डांबरीकरणासाठी ती दोन आठवडे बंद होती, तेव्हाही हीच ओरड झाली होती.

नाशिकजवळच्या ओझरचा विमानतळही हवाई दलाचाच ना?

नाही, एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा. हवाई दलाचा दुरुस्ती डेपो शेजारी आहे.

इतिहासप्रेमी म्हणून भिंतीबाहेरून ड्रोनने जुन्या इमारती टिपल्या तर चालेल?

नाही.