वहीत नऊच कसे?

प्रश्न : आमच्या गावात सप्ताहाच्या काल्यानंतर घरोघरी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आमच्या एका गल्लीतच वीस-बावीस जण पडून होते. आरोग्य केंद्राच्या नोंदीत मात्र अख्ख्या गावाचे नऊ रुग्ण. बाकीचे आजारी नव्हते का?
— एक वाचक, जि. लातूर

उत्तर : होते की! पण केंद्राची पायरी चढले ते नऊच. धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, मी आरोग्य सेवक होतो. असे आकडे मीही दर आठवड्याला वर पाठवलेत.

तुमच्या गल्लीत कुणी ताक पिऊन पडून राहिलं असेल, कुणी मेडिकलवरून गोळी आणली असेल, कुणी खाजगीत सलाईन लावून दुसऱ्या दिवशी रानात गेलं असेल. यांची नोंद कोण करणार? आलेल्या नऊंपैकी शौचाचा नमुना किती जणांनी दिला, तेही विचारा. डबी हातात दिली की माणूस लाजतो. बाया डबी पदराखाली धरून जायच्या, त्या परत यायच्याच नाहीत. अँटिबायोटिक आधीच पोटात गेलं असेल, तर नमुन्यात जंतू सापडणं अवघड. एरवीही जंतू वाढवून ओळखायला दोन-तीन दिवस जातात. तोवर आचाऱ्याची पातेली घासून पालथी पडलेली असतात.

अमेरिकेतल्या सीडीसी या रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेनं याचा हिशेब मांडलाय. साल्मोनेला म्हणजे अन्नातून पोटात जाऊन जुलाब लावणारा एक जंतू. लॅबमध्ये सापडलेल्या त्याच्या एका रुग्णामागे न सापडलेले अंदाजे २९. लोकांना फोन करून विचारतात : जुलाब झाले का, डॉक्टरकडे गेलात का, नमुना दिलात का? त्यावरून गुणाकार. तो २९ आपल्या गावाला लावू नका. तिकडचे दवाखाने वेगळे, माणसंही वेगळी. पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे.

शाळेची एक वही घ्या आणि घरोघरी फिरा. कोण जेवलं, काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला. दोन-चार तासांत उलट्या झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय घ्यायचा. साल्मोनेलाला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत लागतात.

आणि ठणठणीत राहिलेल्यांनाही विचारा. इथं मी एकदा तोंडावर पडलोय. फक्त आजाऱ्यांना विचारलं, सगळ्यांनी बुंदी खाल्लेली, मी बुंदीवर ठपका ठेवून मोकळा. आचारी महिनाभर माझ्याशी बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं. बुंदी तर अख्ख्या पंगतीनं खाल्ली होती. पडले होते ते दुपारचं उरलेलं वरण रात्री खाणारे.

वही भरली की आरोग्य सेविकेकडे द्या. झेरॉक्स मात्र आधी काढून ठेवा.