कृषी केंद्राच्या कॉम्प्युटरला लागलेलं खंडणीचं कुलूप

भाऊ, दारव्ह्याकडे तुमच्या भावाचं कृषी केंद्र आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर खरिपाच्या उधारीच्या सगळ्या फाइलींना चार अनोळखी अक्षरांचं शेपूट लागलं, आणि फोल्डराफोल्डरात ९८० डॉलर मागणारी चिठ्ठी सापडली. ७२ तासांत भरले तर ४९०. पैसे भरू का, आणि हॅकरांना आपलं खेडं सापडलं कसं, असं तुम्ही विचारलं. मी वणीकडे पंधरा वर्षांपासून जिनिंगचे आणि दुकानांचे कॉम्प्युटर पाहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पैसे भरू नका. इंटरनेटची वायर काढा. आणि कोणी कितीही सांगो, डिस्क फॉरमॅट करू नका.

९८० आणि ४९० हे आकडे स्टॉप-डीजेव्हीयू या रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामच्या, चिठ्ठीत ठरलेले असतात. ते बहुतेक वेळा फुकटच्या क्रॅकसोबत, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर पैसे न भरता चालवणाऱ्या जुगाडासोबत, येतं. हिशोबाचं सॉफ्टवेअर किंवा विंडोज कोणी 'चालू करून' दिलं होतं का, भावाला विचारा. त्याच्यावर रागावू नका. तालुक्याच्या ठिकाणी निम्म्या दुकानांत हेच चालतं.

आता खेडं सापडलं कसं ते. आपल्याकडे खेडा खरेदीवाला दारावर कापूस घेतो, तो जिनिंगला जातो, तिथून गाठी गिरणीला. गिरणीवाल्यानं तुमचं वावर कधी पाहिलेलं नसतं. या टोळ्यांचंही तसंच आहे. एक जण कुलूप लावणारा प्रोग्राम लिहितो. दुसरा उघडी दारं शोधून ती विकतो. तिसरा ते दार विकत घेऊन आत शिरतो, आणि वसुलीत वाटा ठरलेला असतो. लॉकबिट टोळीत आत शिरणाऱ्याला साधारण ८० टक्के मिळत. २०२४ च्या फेब्रुवारीत अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून तिची यंत्रणा ताब्यात घेतली. कॉन्टी टोळीनं २०२२ मध्ये युक्रेन युद्धात रशियाची बाजू घेतली तेव्हा तिच्या आतल्या गप्पाच बाहेर फुटल्या. त्यात पगार, नोकरभरती, वरिष्ठांची बोलणी, सगळं एखाद्या कंपनीसारखं! मोठ्या टोळ्या सावज पाहून रक्कम ठरवतात, आधी माहिती चोरतात आणि मग ती जाहीर करण्याची धमकी देतात. डीजेव्हीयूवाले मात्र जाळं टाकून बसतात. जो क्रॅक उतरवेल तो अडकतो, मग तो दारव्ह्याचा असो की ब्राझीलचा.

आणि लहान आहोत म्हणून वाचू, असंही राहिलं नाही. २०२४ च्या जुलैअखेरीस लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर पडलं आणि देशातल्या जवळपास ३०० बँकांचे व्यवहार अडकले.

फॉरमॅटबद्दल एवढं का बोलतो, तर २०१९ च्या फेब्रुवारीत एका जिनिंगच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर याच रोगानं गेला होता. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, मालक डोक्यावर उभा. मी घाईत डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकलं. त्याच ऑक्टोबरमध्ये डीजेव्हीयूच्या जुन्या प्रकारांची कुलपं उघडणारं मोफत साधन निघालं. त्या हंगामाच्या काटापावत्या माझ्या हातानं गेल्या, ते अजून सलतं.

म्हणून डिस्क काढून बाजूला ठेवा, कामाला दुसरी लावा. चिठ्ठीच्या तळाशी पर्सनल आयडी असतो. तो 'टी१' नं संपत असेल तर कुलूप ऑफलाइन किल्लीचं, म्हणजे अनेकांना एकच लावलेल्या किल्लीचं, आहे. ती किल्ली आज ना उद्या मिळू शकते. 'नो मोअर रॅन्सम' या युरोपोलच्या सहभागातून चालणाऱ्या साइटवर साधनं फुकट मिळतात. शिवाय हे रॅन्समवेअर फाइलीचा सुरुवातीचा सुमारे १५० केबी भागच कुलूपबंद करतं, त्यामुळे मोठ्या झिप बॅकअपमधून बरंच काही काढता येतं. छोट्या एक्सेल शीटा मात्र पूर्ण जातात.

आजच करायचं काम वेगळं आहे. याच्यासोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही अनेकदा येतो. बँकेचे, जीएसटीचे, ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा; नसले गेले तरी राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवाच.

उधारी लिहिताना बियाणं-खताची बिलं शेतकऱ्यांना दिलीच असतील. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला लागतात म्हणून लोक ती जपून ठेवतात. गावागावातून ती गोळा करायला आतापासून लागा. आयडीची शेवटची दोन अक्षरं तेवढी मला कळवा.