नाक्यावरच्या पोरांवर प्रोजेक्ट करताय?

पोरं वाकड्या वाटेला का लागतात, यावर लिहिणारे तीन समाजशास्त्रज्ञच आधी वाचा. मर्टन (१९३८): यशाचं स्वप्न सगळ्यांना, वाट मोजक्यांना; म्हणून काही जण पैशासाठी आडवाट धरतात. कोहेन (१९५५) इथेच अडवतो. लोकलच्या दारात लटकून स्टंट करण्यात पैसा कुठे? मिळतो तो ग्रुपमधला भाव; शाळेच्या मापात न बसलेली पोरं आपलं वेगळं माप ठरवतात. बेकर (१९६३) विचारतो, शिक्का कोण मारतं? तोच दंगा कॉलेज फेस्टमध्ये ‘मस्ती’, वस्तीच्या नाक्यावर ‘टपोरीगिरी’.

नेहमीच्या चुका:

- गरिबी म्हणजे गुन्हा, असं गणित मांडणं. मग त्याच चाळीतली बाकीची पोरं सरळ का, याला उत्तर नाही.
- पहिल्याच दिवशी फॉर्म भरून घेणं. पोरं थापा मारतात, तुम्ही टक्केवारी काढता!
- वहीत खरी नावं. टोपणनावं द्या; अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती घ्या.

सदरलँड, मॅट्झा (याच विषयावरचे आणखी दोघे) नंतर बघू.