उभ्या गाडीला पावसाळा खातो

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. माडाखाली ताडपत्री घालून ठेवलेली एस्टीम बघितली आणि पहिला विचार आला तो नारळाचा. आधी ती तिथून हलव, बाकीचं पत्र मग वाच.

म्हणजे आता चार झाल्या. मारुती आठशे, जिप्सी, होंडा सिटी आणि ही. तुझ्या फोटोआधी तुझ्या आईचा फोन आला होता. "भंगाराचा दुकान घातल्यान हा," एवढंच म्हणाली. मी तिची बाजू घेत नाही, माझ्या पडवीतही एके काळी पाच होत्या. पण चारांतली आपल्या चाकांवर अंगणाबाहेर जाते ती कोणती? आठशेच ना?

घाटावरचा माणूस गाडी दहा वर्षं शेडमध्ये ठेवून "हळूहळू करू" म्हणू शकतो. आपल्याला ती चैन नाही. इकडे खारं वारं बारा महिने आणि त्यावर चार महिने पाऊस. चालणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर मरते. माझी एक आठशे वरून अशी चकचकीत होती की घेताना मी किमतीवर घासाघीससुद्धा केली नाही. घरी आणून मॅट उचलली आणि ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रू-ड्रायव्हर जरा टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. पत्रा नव्हताच. पुट्टी होती आणि पुट्टीच्या खाली वर्तमानपत्र. विकणाऱ्याने रंग मात्र फार मन लावून मारला होता. तेव्हापासून मी गाडी बघायला जाताना आधी मॅट उचलतो, मग शॉकअपच्या माथ्याजवळचा पत्रा आणि बॅटरीखालचा ट्रे बघतो. इंजिन सगळ्यात शेवटी. इंजिन दुसरं मिळतं, सडलेल्या बॉडीला रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर जीव वाचवणारा पाइपांचा सांगाडा, वेल्ड करायला जागाच राहत नाही.

एस्टीमच्या बाबतीत हे केलंस का? आणि आरसी बघितलीस? खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. एस्टीम बंद होऊन त्याहून जास्त वर्षं झाली. कागद मेलेले असतील तर ती फक्त ट्रेलरवरून फिरणारी गाडी आहे, त्या हिशेबाने पैसे द्यायचे होते.

पावसाळ्यात उभ्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवू नकोस. मागचे लायनर ड्रमला धरतात. गणपतीनंतर माझी प्रीमियर पद्मिनी बाहेर काढताना मागची दोन्ही चाकं फिरेनात, अंगणभर नांगरल्यासारखे दोन चर पडले. गिअरमध्ये ठेव आणि चाकाला चिरा लाव. पेट्रोलही महिनोन् महिने टाकीत ठेवू नकोस. त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकटा बसतो.

ब्रेक ऑइलचं मात्र नीट ऐक, कारण इथे प्रश्न गाडीचा नाही, तुझ्या हाडांचा आहे. तेही हवेतला ओलावा पितं. डॉट ४ या दर्जाची अट अशी की ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये. ओलावा प्यायलं की तीच अट १५५ वर येते. ऑटोक्रॉसच्या, म्हणजे मातीवरच्या घड्याळाशी लावलेल्या शर्यतीच्या, चार फेऱ्यांत ब्रेक तापतात, ऑइलची वाफ होते आणि पेडल थेट जमिनीला. आपल्या हवेत दर वर्षी बदल, गाडी शंभर किलोमीटरसुद्धा चालली नसली तरी. फोडलेला डबा उरला म्हणून पुढच्या वर्षी वापरायचा नाही.

आता माझं मत, पटलं तर घे. सिटी विक. तिच्या व्हीटेक इंजिनाचा आवाज मलाही आवडतो, पण तिचे भाग शोधण्यात तुझे सगळे रविवार जातील. जिप्सी किंगचं आणि एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातलं. सगळं नाही, पण बरंच काही एकमेकांना चालतं. आठशे ही तुझी रेसची गाडी. तिला साडेसहाशेच किलो ओढायचं असतं, म्हणून ७९६ सीसी असूनही मातीवर ती लाज राखते, आणि तिच्यावर चूक केलीस तर स्वस्तात शिकशील. जिप्सी हा प्रोजेक्ट. एस्टीमचे भाग काढून नीट चिठ्ठ्या लावून ठेव. रेसच्या गाडीला प्रोजेक्ट करू नकोस, म्हणजे स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तिच्या इंजिनाचं हेड खोलू नकोस. हे मी दोनदा केलं आणि दोन्ही वेळा इतरांच्या गाड्यांची धूळ खात बांधावर बसलो.

आंबोलीत रात्री "टायमिंग काढायला" जाता असं कानावर आलं. ते बंद. तिथे वळणापलीकडे एसटी असते, गुरं असतात, चालत घरी निघालेला माणूस असतो. ऑटोक्रॉसला मैदानात एका वेळी एकच गाडी, वाट दाखवणारे प्लास्टिकचे कोन आणि घड्याळ. हरलास तर कोन पडतो. त्यासाठी कोल्हापूर-पुण्यापर्यंत जावं लागलं तर जा. कोइंबतूरचा कारी रेस ट्रॅक आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा हे नंतरचं, आधी हेल्मेट आणि बेल्टवरची मुदतीची तारीख तपास.

रविवारी ये. जिप्सीचा कार्ब्युरेटर घेऊन ये, पण पिशवीत सुटा टाकू नकोस, फ्लोटची पिन पडते आणि मग आपण दोघं अंगणात चुंबक फिरवत बसतो. पिन पितळी असली तर चुंबकही उपयोगाचा नाही. जुन्या पंच्यात गुंडाळ. आणि आईला सांग, सोलकढी करून पाठव.

तुझा काका