तोफेचं गणित बरोबर, निशाणा चूक

(नाशिकरोडच्या एका आईचं पत्र: मुलगा बारावीत, एनडीएची तयारी करतोय. रात्री दीडपर्यंत अभ्यास, साडेचारला धावायला. झोप म्हटलं की ऐकवतो, ‘फौजी झोपत नसतो, आतापासून सवय लावतोय.’ अडवू का?)

ताई, धावणं राहू द्या, जागरण अडवा. पण आई ओरडते म्हणून नको, तो ऐकणार नाही. फौजेचाच दाखला द्या.

देवळालीच्या तोफांचे आवाज तुम्हाला नवे नाहीत. तोफ डागण्याआधी दिशा, कोन, अंतर यांचा हिशोब करणारी एक छोटी तुकडी असते. अमेरिकी सैन्याच्या ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनमधल्या अशा तुकड्यांकडून संशोधकांनी न झोपता लुटुपुटूची लढाई करून घेतली. सुरुवातीला हॉस्पिटलवर मारा करायचा हुकूम आला, की पोरं नकाशा बघून सरळ नकार देत. २४ तास उलटल्यावरही हिशोब अचूकच होता. कुठे काय आहे याच्या नकाशावर खुणा करणं मात्र सुटलं होतं. तोच हुकूम पुन्हा आला, तर बेधडक मारा! कशावर, हे बघायचं कुणाला सुचलंच नाही. मला यातलं भयंकर वाटतं ते हे, की आकडा कुठेच चुकला नव्हता.

ब्रिटिश सैन्याच्या नऊ दिवसांच्या एका सरावात अजिबात न झोपलेली प्लॅटून चार रात्रींत गळाली. रोज तीन तास झोपलेले बहुतेक जण टिकले. हे ऐकून चिरंजीव म्हणतील, ‘बघ, तीन तास पुरतात!’ पाय टिकले हो, डोकी त्यांचीही मंदावलीच. शिवाय थकलेल्या माणसाला आपण मंदावलोय हे उमगत नाही. एका प्रयोगात दोन आठवडे रोज सहाच तास झोपलेल्यांची चाचणीतली गत एक-दोन रात्री सलग जागल्यासारखी झाली, आणि विचारलं तर म्हणे, थोडी पेंग येते, बाकी ठीक. म्हणून तर अमेरिकेच्या सैन्यात जवानांच्या झोपेची आखणी अधिकाऱ्याच्या कामात मोडते.

एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणित ३००, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. पेंगत सोडवलेला पेपर दुहेरी मार देतो.

पंधरा दिवस दहा ते साडेपाच झोप, सहाला धावणं. आज गणिताची एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवून घ्या, पंधराव्या दिवशी दुसरी. दोन्हींतली चुकलेली उत्तरं त्यालाच मोजू द्या, आणि आकडे मला कळवा.